लियानपुई ‘बरं’ म्हणाली त्याची हकीकत

आदरणीय डारखुमी मावशीस,

थुआमीचा प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा कसा आहे? ऐजॉलच्या त्या पायऱ्या तू दिवसातून दोनदाच चढतेस ना, की शेजारणींच्या पिशव्याही वर नेऊन देतेस? (नेतच असशील. आपल्या घराण्याला हा आजारच आहे, आणि हे पत्र त्या आजाराबद्दलच आहे.) आई ठणठणीत आहे. डुक्कर चांगलं भरलंय. मीही बरी आहे, म्हणजे ताप नाही. फक्त मला हेवा जडला आहे. हेवा हे पाप असल्यामुळे प्रार्थनेत मी त्याला ‘काळजी’ म्हणते. देव नावाने फसत नाही हे मला ठाऊक आहे, पण आई फसते, आणि प्रार्थना करताना आई शेजारीच बसलेली असते.

मुआनी तुला आठवत असेल. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. आई-बाप दोघेही गेले म्हणून मंडळीने ऑगस्टात आमच्याकडे ठेवलेली. मोठ्या गावांसारखं अनाथाश्रमाचं घर इथे नाही. बायका रोज भात शिजवताना देवाच्या नावाने मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्यातून अशा मुलाचं जेवण निघतं. मूल तीन महिने एका घरी राहतं, आणि मग महिला मंडळ बसून ठरवतं की ते कायमचं कुठे जाणार. तीन महिने मुआनी माझ्या कुशीत झोपली. मला लाथा बसल्या. (रोज नाही, पण लिहायचंच तर बहुतेक रोज.) बाबांनी मला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं, तसं मी तिला चुलीपाशी बसवून अक्षरं शिकवली. ती माझ्याकडेच राहणार याबद्दल माझ्या मनात इतकी खात्री होती की मी तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर दोन मापं मोठा विणायला घेतला होता.

मग नोव्हेंबरात ती बैठक झाली. पाळकसाहेबांच्या पत्नी चोंगीकाकूंनी विचारलं, ‘‘मुआनीला कोण घेतं?’’ आपल्याकडे स्वतःसाठी काही मागणं म्हणजे भर उपासनेत घोरणं, त्यामुळे सगळ्याजणी रीतीप्रमाणे जमिनीकडे बघू लागल्या. मुआनी माझ्याजवळ बसून माझ्या शालीचे गोंडे उसवत होती. मी रीतीप्रमाणे म्हणाले, ‘‘लियानपुईचं घर मोठं आहे, तिच्याकडेच द्या.’’ लियानपुई म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची, माझ्याच वयाची, गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहणारी. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. आता पुढे काय व्हायचं असतं ते तुला सांगायला नको. तिने म्हणायचं, ‘छे गं, पोरीला तुझा लळा आहे, तूच ठेव.’ मी म्हणायचं, ‘आमच्याकडे दोनच माणसं, ती कंटाळेल.’ तिने पुन्हा नको म्हणायचं, मी पुन्हा, आणि मग चोंगीकाकूंनी ‘पुरे झालं, थुआमीकडेच राहू दे’ म्हणून प्रार्थनेला डोळे मिटायचे. एवढं सरळ काम होतं. (गेल्या वर्षी एका कोंबडीवरून असंच ‘तू घे, तू घे’ इतकं लांबलं की कोंबडीच निघून गेली. पण रीत मोडली नाही.)

लियानपुई म्हणाली, ‘‘बरं.’’

मावशी, बरं! एकदाही नको न म्हणता! खालच्या वळणावर जीपचा गिअर बदललेला सबंध खोलीला ऐकू आला. आईने मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. चोंगीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, अजून वेळ आहे असं पाहिलं. आणि मी हसले. (ते हसू खोटं होतं. इथे कबूल करून टाकते.) त्याच संध्याकाळी मुआनीचं गाठोडं कुंपणापलीकडे गेलं. स्वेटर माझ्याकडेच राहिला, कारण त्याला एक बाही नव्हती.

तेव्हापासून मला त्या कुंपणाशी सारखं काम निघतं. मुआनी आता शीळ घालायला शिकली आहे. तिला ते लियानपुईने शिकवलं, पडलेल्या दातांच्या फटीतून. मला तीन महिन्यांत ती फट फक्त घासायची सुचली. आमच्याकडे बांबूचे कोंब ताटाच्या कडेला लोटणारी मुलगी तिकडे ते मागून खाते. (मी स्वतः पाहिलं नाही, लियानपुईच्या नवऱ्याने आईला सांगितलं. पण तो कधी खोटं बोलत नाही, तेच तर दुखतं.)

मग मी चिकट तांदळाच्या वड्या केल्या, पानात गुंडाळून, मुआनीला आवडतात तशा. एकट्या तिला बोलावलं असतं तर फितवल्यासारखं दिसलं असतं, म्हणून शब्बाथशाळेच्या सगळ्या मुलांना बोलावलं. एकोणचाळीस मुलं आली. चाळिसावी, म्हणजे मुआनीच, आली नाही, कारण तिला खोकला झाला होता. एकोणचाळीस मुलांनी आमच्याकडचा सगळा चिकट तांदूळ, अर्धं अंगण आणि गाण्याचं एक पुस्तक संपवलं. मी आल्याचा काढा घेऊन पलीकडे गेले, तर लियानपुईने दारातच काढा घेतला, शंभरदा उपकार मानले आणि दुसऱ्या दिवशी भोपळा पाठवला. मी मोहरीची पानं पाठवली. तिने सरपणाचा भारा पाठवला, नवऱ्याच्या पाठीवर. मग मी देवाच्या मडक्यात एकेका मुठीऐवजी तीन-तीन मुठी टाकू लागले, म्हणजे निदान मुआनीच्या पोटात आमचा तांदूळ जाईल. चौथ्या दिवशी आईने ताटातला भात बघितला आणि म्हणाली, ‘‘देवाचं जेवण झालं असेल तर आता मलाही वाढ.’’

शुक्रवारी भोपळ्याची टोपली परत करायला गेले. लियानपुई परसात डुकराचं खाणं शिजवत होती. मी ठरवून गेले होते, की काही विचारायचं नाही.

‘‘तू त्या दिवशी एकदम ‘बरं’ कशी म्हणालीस गं?’’

‘‘मग काय म्हणायचं होतं?’’

‘‘नको म्हणायचं. दोनदा तरी!’’

ती हसली. मग पळी ठेवून म्हणाली, ‘‘म्हणणारच होते, बाई. तोंडात आलं होतं. तेवढ्यात पोरीकडे लक्ष गेलं. तू ‘तिकडे द्या’ म्हणालीस ना, तेव्हा ती गोंडे उसवायची थांबली होती. त्यावर मी ‘तिकडेच राहू दे’ म्हणाले असते. तिला काय ठाऊक आपली रीत? तिला एवढंच कळलं असतं, की या घरालाही नको आणि त्या घरालाही नको.’’

मावशी, मी ती पळी उचलून तिच्या डुकराचं खाणं ढवळायला लागले. सबंध खोलीत मीच सर्वांत नम्र वागले, या समाधानावर मी तीन आठवडे काढले होते. आणि मी एका सहा वर्षांच्या पोरीला तिच्या तोंडावर नको म्हटलं होतं. आता मला लियानपुईचा दुप्पट हेवा वाटतो. एक, तिच्याकडे मुआनी आहे. दुसरं, पोरीकडे बघायचं तिला सुचलं.

‘‘तुला हवी होती तर सांगायचं होतंस,’’ ती म्हणाली.

‘‘मला कुठे हवी होती!’’ मी म्हणाले. हो, असंच म्हणाले! वर म्हणाले, ‘‘तुझ्याकडे छान रमली आहे.’’ घरी येऊन डुकरासमोर उभी राहिले आणि ‘मला मुआनी हवी आहे’ हे वाक्य म्हणून पाहिलं. चौथ्या खेपेला जमलं. त्याने मान वर केली नाही, हे त्याचे उपकार.

असो. गुडघ्याला गरम तेल लाव. आईचा सलाम.

तुझी भाची,
बियाकथुआमी

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की तू आणि चोंगीकाकू एका वर्गात होतात. तू त्यांना दोन ओळी लिहून बैठक पुन्हा घ्यायला सांगावंस. पण सांगू नकोस. त्या पोरीला पुन्हा बैठकीत बसवायचं नाही. (वरची ओळ खोडायला हवी, पण मोठ्यांना खोडलेलं पत्र पाठवू नये असं बाबा सांगत, म्हणून ठेवते.)

आणखी एक. हे पत्र लियानपुईच आणते आहे. तिचं गायनमंडळ ऐजॉलला येतंय, आणि तेवढे चार दिवस मुआनी माझ्याकडे आहे. ‘‘चार दिवस ठेवशील का?’’ हे तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. आईने बोट खुपसायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. हाती दिलेलं पत्र चिकटवणं म्हणजे नेणाऱ्यावर अविश्वास, म्हणून पाकीट उघडं आहे. मी विसरलेले नाही.

लियानपुई, तू हे जीपमध्ये वाचत असशील. (मीही वाचलं असतं, तेव्हा रागवत नाही.) मला मुआनी हवी आहे. तुलाही हवी आहे हे मला दिसतं. परत आलीस की सरळ आमच्याकडे जेवायला ये. तिला समोर बसवू आणि आपण दोघीही तिच्या देखत म्हणू, की हवी आहेस. मग कुणाकडे झोपायचं, कुणाकडे जेवायचं, ते तिचं ती सांगेल. कुंपणाला एक फळी कमी केली तरी चालेल.

पण हवी आहेस हे आधी मी म्हणणार. तू नको म्हणू नकोस, नुसती गप्प बस.