दुकान वाढवलं

कासारगल्ली,
१९ ऑक्टोबर २०२१

प्रिय चांगुणा,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. सगळे खुशाल आहेत, आमच्या मालकांचे, अण्णारावांचे, गुडघे सोडून. हातात फोन असताना या बाईला पत्राची काय अवदसा आठवली, असं म्हणशील. तर ऐक. मागच्या आठवड्यात तू फोनवर दोन शब्द बोललीस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. असल्या गोष्टीला कुणी बरं म्हणतं का गं? तेव्हापासून ते "बरं" माझ्या घशात अडकून बसलंय. फोनवर तू मला बोलू द्यायची नाहीस, नरसिंगभाऊजींचा चहा टाकायचाय म्हणून मधेच पळशील. पत्राला तसं करता येत नाही. तेव्हा मुदखेडच्या तुझ्या ओट्यावर बस, चष्मा लाव आणि शेवटापर्यंत वाच. तुझ्या दोन शब्दांचं उत्तर शेवटी आहे. आधी शेवट वाचलास तर माझी शपथ आहे.

आमचं कसं चाललंय ते मी तुला दीड वर्षात धड सांगितलंच नाही. दर वेळी "चाललंय" म्हणायचे आणि विषय बदलायचे. चालत काहीच नव्हतं. तुला ठाऊक आहे, आमचा धंदा हातात हात घेतल्याशिवाय होत नाही. तुला शिवायला माप लागतं, वाण्याला तराजू लागतो, मला समोरच्या बाईचा हात लागतो. तो दाबून मऊ करायचा, अंगठा आत घ्यायचा, तिला सासूच्या गोष्टीत गुंतवायचं, आणि तिची गाऱ्हाणी रंगात आली की बांगडी मनगटावर गेलेली असते. आता "लांब उभं ऱ्हावा, हात लावू नका" म्हटल्यावर मी काय करावं? टाळेबंदी उठल्यावर बाया आल्या, न्हाई असं न्हाई. पण लांबूनच माप सांगायच्या, बांगड्या पिशवीत टाकून न्यायच्या आणि घरी साबण लावून स्वतःच चढवायच्या. अर्ध्या वाढायच्या आणि वर बोल मला. आपली तुळजाबाई, जिला मी तिच्या हळदीपासून भरतेय, तिनं माझ्यासमोर हात पदराखाली घेतला. तिची चूक नव्हती गं, घरात म्हातारी सासू. पण मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. बायांनी हात दिला नाही तर मी कसली कासारीण?

बांगड्या वाढायच्या, असं लिहिलं बघ मी. सवय जात नाही. पाचवीत आमच्या ओसरीवर डबा खाताना तू "सुमे, तुझी बांगडी फुटली" म्हणालीस आणि माझ्या आईनं तुझ्या तोंडावर हात ठेवला होता, आठवतं? कासाराच्या घरात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तू लगेच विचारलंस, वाढली तर मोठी का न्हाई झाली? आई आठ दिवस हसत होती. त्याच वर्षी आपला नवा जिल्हा झाला. गुरुजींनी सगळ्यांच्या वह्यांवर "जि. उस्मानाबाद" खोडून "जि. लातूर" लिहायला लावलं आणि तू इतकं जोरात खोडलंस की पुठ्ठ्याला भोक पडलं. अजून या गावाचं खूळ गेलं नाही बरं का. आता आपलंच गाव जिल्हा होणार म्हणून दर निवडणुकीला कुणीतरी पेढे वाटतंच. आम्ही खातो आणि पुढच्या पेढ्याची वाट बघतो.

तर दुकान. पहिल्या टाळेबंदीत बाजारात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा माकडांची एक टोळीच मुक्कामाला आली. माझ्या टपरीचा पत्रा त्यांना आवडला. त्यावर काय लग्न लावलं का गोंधळ घातला, देवाला ठाऊक. पत्रा खाली, मांडणी खाली, लगीनसराईसाठी भरून ठेवलेला सगळा हिरवा चुडा खाली. मी गेले तर काचेचा ढीग, आणि ढिगाच्या बाजूला एक माकडीण बसलेली, हातात माझी एक लाखेची बांगडी. घालता येईना म्हणून चावून बघत होती. त्या सबंध वर्षात माझ्या दुकानात मनापासून बांगडी निवडणारं तेवढं एकच गिऱ्हाईक होतं. मग दुसऱ्या टाळेबंदीत मी टपरी आवरलीच.

यंदा पावसाळ्यात नगरपालिकेनं पाटी लावली. महामारीत ज्या छोट्या दुकानदारांचं नुकसान झालं त्यांना जुन्या शाळेच्या मैदानात वर्षभर फुकट जागा, वर सावलीची जाळी, प्यायला पाणी. अण्णाराव म्हणाले, कर अर्ज. मी सातवी पास, अक्षर तुझ्यापेक्षा बरं. बसून झकास अर्ज लिहिला. काय झालं ते थोडक्यात लिहा असं होतं, म्हणून थोडक्यात लिहिलं: "महामारीत दुकान वाढवलं. सगळा माल वाढला." खाली सही.

पंधरा दिवसांनी पालिकेच्या भिंतीवर याद्या लागल्या. नुकसानीच्या यादीत माझं नाव नाही. मी वरून खाली, खालून वर बघतेय, तेवढ्यात गुंडप्पा भेळवाला ओरडला, ओ सुमनबाई, पेढे द्या की! तर शेजारी दुसरी यादी. तिचा मथळा: "महामारीत व्यवसायवाढ झालेले दुकानदार." त्यात किराणावाले, औषधाची दुकानं, मोबाइलवाला, आणि सातव्या नंबरला मी! दोन दिवस लोक येऊन अभिनंदन करत होते. एक जण तर विचारून गेला, की एवढ्या वाईट काळात धंदा वाढवायची युक्ती काय, आम्हालाही सांगा.

मी गेले तणतणत पालिकेत. अर्ज बघायला बसवंत नावाचा नवा कारकून आहे, पोरगा चांगला, पण हॉस्टेलात वाढलेला. तो मलाच समजावायला लागला. आजी, तुम्हीच लिहिलंय दुकान वाढवलं, माल वाढला, मग कम्प्युटरात मी "वाढ" असंच भरणार ना? मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्या घरात बाईमाणूस हाय का न्हाई? दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं रे! तो म्हणाला, मग बंद असं का लिहिलं न्हाई? आता सांग, देवीसारखं ज्याची पूजा केली त्या दुकानाला मी "बंद" म्हणू? ज्या चुड्याला फुटला म्हणायला जीभ धजत नाही, तो कागदावर फोडू? डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

आवाज ऐकून मुख्याधिकारी बाई बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील, मूळच्या हदगावच्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, आणि वाचता वाचता पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला वाटलं, झालं, ही पण त्यातलीच. पण त्या बसवंतला म्हणाल्या, तुझी आई रात्री दिवा विझव म्हणत होती का वाढव म्हणत होती? त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, वाढव. आणि कानापर्यंत लाल झाला. बाईंनी तिथल्या तिथं माझं नाव एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घातलं आणि त्याला सांगितलं, की ज्यांनी ज्यांनी वाढवलं लिहिलंय ते सगळे अर्ज पुन्हा काढ. आणखी तीन निघाले बघ! एक लोहार, एक फुलारी आणि खानावळीच्या गुणाबाई. गुणाबाईंनी तर "चूल वाढवली" लिहिलं होतं.

मैदान आता बघायला ये. चुन्यानं चौकोन आखलेत, प्रत्येकाला नंबर, मधे अंतर. माझा सोळा. पहिल्याच दिवशी सकाळी आम्ही बायांनी आपापल्या चौकोनात अशा रांगोळ्या काढल्या, की नंबरच झाकले गेले, आणि बसवंत बिचारा हातात यादी घेऊन कमळांमधून आणि मोरांमधून आकडे शोधत फिरत होता. बाजार भरायच्या आधी तिथंच आम्हा दुकानदारांना लस दिली. आणि घंटागाडी! दीड वर्ष जी "घरातच राहा" म्हणून ओरडत होती, ती आता कचरा घेता घेता आमची नावं सांगते. रोज पाच दुकानं. माझ्या दिवशी अण्णाराव गुडघे विसरून गाडीमागे तीन गल्ल्या चालत गेले, नाव बरोबर घेतात का ऐकायला.

एवढं सगळं झालं, पण हात? पहिले तीन बाजार बाया चौकोनाबाहेर उभ्या राहून माप सांगत होत्या. जागा मिळाली, सावली मिळाली, धंदा कुठाय? चौथ्या बाजारी भर गर्दीत मुख्याधिकारी बाई आल्या. मला वाटलं तपासणी. त्या माझ्यासमोर पोत्यावर मांडी घालून बसल्या, घड्याळ काढलं, आणि हात पुढं केला. म्हणाल्या, आई गेल्यापासून भरल्या न्हाईत, हिरव्या भरा. चांगुणा, मी आधी हात पदराला पुसले. तीस वर्षांत हात धरायला कधी कुणाला विचारलं नाही. मी विचारलं, चालेल ना? त्या म्हणाल्या, तुमची लस झाली, माझी झाली, तोंडाला दोघींच्या पट्टी हाय, आता काय भिंत बांधू? एक एक करून सहा सहा भरल्या. एकही वाढली नाही. भरून झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे वाकून मला नमस्कार केला, सगळ्या बाजारासमोर. मी वर बघितलं तर मागं रांग लागलेली, आणि रांगेत पहिली कोण, तर तुळजाबाई. बाह्या वर सारून दोन्ही हात पुढे. मी तिला एवढंच म्हटलं, किती वाळलीस गं.

आता शेवट. रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो उन्हाळा आठव. मी तुला बोलावलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. तू आपली दोन कॅन घेऊन मुदखेडहून निघालीस, गाडीतली माणसं हसत होती, आणि माझ्या दारात कॅन ठेवून म्हणालीस, विष्णुपुरीचं हाय, गोदावरीचं, तोंड धू. आणि मागच्या आठवड्यात तू मला फोनवर म्हणालीस, "दुकान वाढवलं." स्टेशनसमोरचं तुझं शिलाईचं दुकान. गाड्या थांबल्या, शाळा थांबल्या, गणवेश थांबले, हे मला माहीत होतं. पण मशीनला गिऱ्हाईक बघतेयस हे मला तुझ्या सरजावहिनीकडून कळावं? खबरदार मशीनला हात लावलास तर. नरसिंगभाऊजी रिटायर झाले, तुझ्या भावाची इथली खोली रिकामी आहे, आणि या मैदानात ब्लाऊज शिवणारं एकही माणूस नाही. मी मुख्याधिकारी बाईंना विचारलं. माझ्या शेजारचा सतरा नंबर रिकामा आहे, इथं राहायला आलीस की अर्ज तुला करता येतो, महिनाभर थांबते म्हणाल्या. मी त्या चौकोनात रुमाल टाकून ठेवलाय, एस.टी.च्या खिडकीतून टाकायचो तसा. वर दगड ठेवलाय. गुंडप्पा दोनदा उचलायला आला, त्याला सांगितलं, पाचवीपासून धरलेली जागा हाय ही. अर्ज तुझ्या हातानं लिही, बसवंतकडेच दे, आणि बिनधास्त लिही, दुकान वाढवलं. तो पोरगा आता दोन्ही अर्थ शिकलाय, त्याला म्हणावं, या खेपेला तुझा पहिलाच अर्थ घे, दुकान मोठं केलं. येताना हात मोकळे ठेवून ये. तुझं माप सव्वादोन, मी बाजूला काढून ठेवलंय.

तुझीच, बाकावरची,
सुमी