राखण नावाचं व्हेरिएबल

मुळशी, ५ जानेवारी १९८७
आलो एकदाचा! धरणाकाठी कंपनीचा बंगला, त्यात एक कॉम्प्युटर आणि मी एकटा राजा. परदेशी गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम इथे पुरा केला की पुण्यात कायमची नोकरी, असं आमच्या मॅनेजर जयाबाईंनी कबूल केलंय. सोबतीला रखवालदार पिराजी आणि त्याची बायको तुकाबाई. ती भाकऱ्या थापते, शेळ्या राखते आणि एकेका शेळीची नावानिशी ओळख करून देते. मीही धनगराचंच पोर, पण ते सांगत सुटायला मी काही खुळा नाही.

७ जानेवारी
माझा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या कॉन्फिगरेशन फाइलीत आधीच्या माणसानं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घालून ठेवलंय. तशी सोय चांगली असते. फाइलीत नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहायचं, त्याची किंमत यंत्रावर बसेल त्यानं बाहेरून द्यायची. याचं नाव मात्र ‘राखण’! किंमत दिली नाही तर कंपायलर चुकांची रांग लावतो. ओळच खोडली तर सुरूच होत नाही.

तुकाबाईला विचारलं. या जागेला राखण म्हणून जीव द्यावा लागतो, तोही नाव घेऊन, असं म्हणाली. मी गंमत म्हणून बंगल्यावरच्या कुत्र्याचं नाव टाइप केलं. वाघ्या. एकही चूक आली नाही.

८ जानेवारी
वाघ्या पाण्यात मेलेला सापडला. कंपायलर पुन्हा अडला. मेलेल्याचं नाव त्याला चालत नाही. मग शेळीचं दिलं, चंदी. बघू तर खरं.

१४ जानेवारी
चंदी गेली, मग हरणी, मग तांबडी. तुकाबाई ऊर बडवून घेते. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण काम सरसर पुढे चाललंय. गरज सरो, वैद्य मरो.

१९ जानेवारी
शेळ्या संपल्या. काम थोडंच उरलंय. आत्ताच पिराजीनं चहा आणून ठेवला. भला माणूस —
टाइप केलं.

२० जानेवारी
पिराजी पाण्यावर तरंगत होता. तुकाबाई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “शेळ्यांची नावं म्याच सांगितली. ह्यांचं नाव म्या उभ्या जल्मात घेतलं न्हाई. ते तुमी घेतलंत.”
मग माहेरी निघून गेली.

२१ जानेवारी
शेवटचा भाग अडला. तुकाबाईचं नाव देऊन पाहिलं — चालेना, ती या जागेवर नाही. इथे आता कोंबडंसुद्धा नाही. पुण्याला फोन करून जयाबाईंना सगळं सांगितलं. दचकल्या नाहीत. फ्लॉपी पाठवते, तीत किंमत आधीच भरलेली असेल, तुम्ही नुसतं यंत्र चालू करा, म्हणाल्या. सुटलो.

२२ जानेवारी
फ्लॉपी आली. घातली. एकही चूक नाही — प्रोग्रॅम पुरा! नोकरी —
किंमत काय भरलीय म्हणून यंत्राला विचारलं. पडद्यावर आलं — बहिरू.
माझं नाव. माझ्या अर्जातून उचललं बाईनं —
खोलीत पाणी. दार बंद आहे तरी — घोट्यापर्यंत — नाव पुसतोय, पुन्हा येतंय — पुसतोय —
आई गं, कुणीतरी पाय ओढ