नोंदवहीत कमी भरलेले तीन तास

प्रति,
मा. प्रवेश व आरोग्य तपासणी अधिकारी,
बंदर कार्यालय, खिडकी क्रमांक दोन.

विषय : चौदा दिवस पूर्ण झाल्याने किनाऱ्यावर उतरून आजारी आईस भेटण्याची परवानगी मिळणेबाबत. (खोडला, दि. १७)

विषय : आईच्या अंत्यविधीस हजर राहण्याची परवानगी मिळणेबाबत. (खोडला, दि. १८)

विषय : माझ्या थोरल्या भावास कार्यालयाचे एक पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला शेरा, "दिवस तेरा. उद्या यावे." दि. १७.
२) आपली परवानगी, दि. १८, सकाळी ८ वाजून १० मिनिटे.

महोदय,

१. अर्जाचा छापील नमुना आम्हांस एकच मिळाला आहे. दुसरा मागितला तेव्हा गस्तीच्या लाँचवरचे काका म्हणाले, "ताई, एका नौकेला एक. मागचं खोडा, पुढचं लिहा. साहेब सगळं वाचतात." म्हणून वर खाडाखोड आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. मी शिवणकाम करते. माझा भाऊ, ज्यास मी दादा म्हणते, एकतीस वर्षे मालवाहू जहाजांवर होता. आम्ही दोघे समुद्रापलीकडच्या देशात राहतो. आई इथे, आपल्या बंदरासमोरच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर राहत होती. साथीमुळे विमाने बंद झाली, प्रवासी बोटी बंद झाल्या. आईचे दुखणे तेवढे चालू राहिले. तेव्हा दादाने त्याच्या जुन्या कप्तानांकडून त्यांची शिडाची खासगी नौका मागून आणली. आपल्या परिपत्रकात लिहिले होते की, खासगी नौकेने येणाऱ्यांनी चौदा दिवस कोणाच्या संपर्कात न येता काढावेत, समुद्रावरचे दिवस त्यात धरले जातील आणि पुरावा म्हणून नौकेची नोंदवही चालेल. दादाने ते तीनदा वाचले आणि म्हणाला, "वहीच हवीय ना? मग मिटलं. माझ्या वहीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही."

३. तीन तारखेस सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. तेरा तारखेस आपण नेमून दिलेल्या जागी नांगर टाकला. तिथून आईची गॅलरी दिसत होती. आईला आम्ही दिसत नव्हतो. फोनवर म्हणाली, "अगं, सगळ्या होड्या सारख्याच. त्यातली माझी कुठली?" परवानगी मिळेपर्यंत पिवळा झेंडा लावावा लागतो. आमचा झेंडा रुमालाएवढा होता. मी आईच्या झग्यासाठी पिवळे सुती कापड आणले होते, त्याचाच दुसरा झेंडा शिवला, अंगभर मापाचा. आई म्हणाली, "दिसलं हो, पिवळं दिसलं! कसलं गं ते?" मी म्हटले, तुझ्या झग्याचं कापड. त्यावर म्हणाली, "अगं बये, मग मी घालू काय?"

आपल्या नियमात झेंड्याचे माप दिलेले नाही. जास्त मोठा झाला असल्यास तो माझा दोष.

४. आईने सव्वीस वर्षे इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या. सकाळी ती उठली की सांभाळणाऱ्या बाईंनी गॅलरीच्या कठड्यावर पांढरी चादर टाकायची, असे आमचे ठरले. पहिल्याच दिवशी फोनवर आईचा आवाज आला, पण बोलणे आमच्याशी नव्हते. "अशी घालतात होय चादर? काठाला काठ लावा. समुद्रावरून वाकडी दिसेल, पोरं काय म्हणतील?" त्यानंतर तिला धाप लागली आणि फोन बाईंनी घेतला.

चौदा, पंधरा, सोळा आणि सतरा या चारही दिवशी चादर वेळेवर पडली. सरळ होती.

५. सतरा तारखेस सकाळी नऊला आपण नोंदवही तपासली. काकांनी ती लांब काठीच्या चिमट्यात धरून नेली होती. दादाने दाढी केली होती. आपण तेरा पाने मोजली. चौदावे पान अपुरे होते, कारण दादाचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दुपारी बाराला संपतो. जुन्या जहाजांवर तशीच पद्धत होती, त्याच्या पहिल्या कप्तानांनी त्याला तीच शिकवली आणि त्याने ती सोडली नाही. निघाल्या दिवशीचे सकाळी आठ ते बारा हे चार तास त्याने मागच्या पानावर, 'बंदर' या मथळ्याखाली लिहिले होते. आपण ते पान धरले नाही, आणि तसे ते धरण्यासारखे नव्हतेही. म्हणजे चौदा दिवसांत तीन तास कमी भरले. उतरण्याची वेळ सकाळी आठ ते दहा इतकीच असल्याने तीन तासांचा एक दिवस झाला.

शिवणकामात आम्ही दुमडीसाठी अर्धा इंच कापड जास्त सोडतो. माणसाचे माप कधी कागदावर नेमके बसत नाही म्हणून. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

६. (हा परिच्छेद दादाने शाईने भरून टाकला आहे. त्यात मी त्याच्याविषयी चांगले लिहिले होते.)

७. त्याच दिवशी दुपारी चार वाजता गॅलरीतली चादर आत घेतली गेली. उन्हे उतरायच्या आत आईने कधी कपडा काढू दिलेला नाही. दादा म्हणाला, "वारा सुटला असेल." वारा नव्हता. झेंडा खाली लोंबत होता.

दादाच्या वहीतसुद्धा तेव्हा चौदा दिवस पूर्ण होऊन चार तास झाले होते.

८. अंत्यविधी नियमानुसार अठरा तारखेस सकाळी सात वाजता आपल्या कर्मचाऱ्यांनी उरकला. परवानगी आठ वाजून दहा मिनिटांनी आली, दोघांची, व्यवस्थित शिक्का मारलेली. काका ती चिमट्यातून न देता स्वतःच्या हाताने देऊन गेले. कृपया याबद्दल त्यांना विचारू नये.

९. तेव्हापासून दादा उतरलेला नाही. काल आपली सूचना मिळाली की परवानगी असूनही सदर नौका विलगीकरणाची जागा अडवून आहे, तरी कारण कळवावे. कारण असे : दादाने नवी वही घेतली आहे आणि तीन तारखेपासूनचे सगळे दिवस तो पुन्हा लिहितो आहे, आपल्या पद्धतीने, रात्री बारा ते रात्री बारा. सतरा तारखेपाशी येतो, मागची पाने मोजतो. चौदा भरतात. मग वही मिटून पुन्हा पहिल्या पानापासून तपासतो. मी म्हटले, दादा, चल, घर तरी बघून येऊ. म्हणाला, "तू जा. माझे दिवस भरले नाहीत." जेवायला वाढले तर ताटाकडे पाहत विचारतो, "तीन तासच ना गं?" या प्रश्नाचे उत्तर मी आजवर सव्वीस वेळा दिले असेल. एकदा 'हो' म्हणून पाहिले, एकदा 'नाही' म्हणून. दोन्हींचा उपयोग होत नाही.

१०. दादा माणसांच्या बोलण्यावर विसंबत नाही. जहाजावर तोंडी हुकूम तो कधी पाळत नसे, सहीचा कागद आणा म्हणे. म्हणून विनंती की, कार्यालयाच्या कागदावर, जावक क्रमांक व शिक्क्यासह, त्याच्या नावे पुढील मजकुराचे पत्र द्यावे :

"सतरा तारखेस आपली नोंदवही पूर्ण असती तरीही, अन्य कारणांमुळे, त्या दिवशी उतरण्याची परवानगी देता आली नसती."

अन्य कारणे लिहिण्याची गरज नाही. तो विचारणार नाही.

हे खरे नाही, याची मला कल्पना आहे. आपण त्या दिवशी परवानगीवर सही करायला लेखणी उघडून बसला होता, हे काकांनी सांगितले. खोटा कागद मागणे गुन्हा असल्यास तो माझ्या एकटीच्या नावे नोंदवावा. दादाच्या वहीत मी 'दुसरी व्यक्ती' अशी नोंदलेली आहे, तेच नाव चालेल. आपण नियमाप्रमाणे एक दिवस उणा धरलात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. आता एक ओळ अधिक लिहावी, एवढेच मागणे आहे. पत्र मिळताच मी त्याला उतरवून घेईन आणि जागा मोकळी करू.

११. झेंडा उतरवण्याची आता मुभा आहे. तो मी अजून काढलेला नाही. बाईंनी काल निरोप दिला की त्या गॅलरीत उभ्या राहून आमची नौका ओळखतात.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
दुसरी व्यक्ती, म्हणजे धाकटी बहीण

दि. २१, सकाळी साडेअकरा. (दादाच्या जुन्या वहीप्रमाणे काल दुपारी सुरू झालेला दिवस अजून संपलेला नाही. अर्धा तास आहे.)

सोबत :
१) जुनी नोंदवही. 'बंदर' या पानावर खूण घातली आहे.
२) दोन परवानग्या, न वापरलेल्या.
३) शिक्क्यासाठी जागा सोडलेला कोरा कागद, कार्यालयात कागदांची टंचाई असल्यास.