कोमट पाण्याची तक्रार

हाचिनोहे,
२१ जानेवारी १९९६

चि. तात्सुओ यास,

हात्सुए काकूचे अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझं नवं पुस्तक आणि सोबतचा बिस्किटांचा डबा, दोन्ही पोचलं. बिस्किटं फार छान होती.

आता पुस्तकाबद्दल. चष्मा पुसून पुसून वाचलं, कारण आधी वाटलं दोष चष्म्याचा असेल. तो नव्हता. अरे, तुझं पहिलं पुस्तक वाचून तुझे कुमेझो काका महिनाभर चिडले होते. त्यातला न्हाणीघरवाला गोन्झो म्हणजे आपणच, हे त्यांनी दुसऱ्या पानावर ओळखलं. बघा पुतण्याने कशी बदनामी केली, असं म्हणत आपल्या सार्वजनिक न्हाणीघरात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतःच वाचून दाखवायचे. कढत हौदात गार पाण्याचा नळ सोडणाऱ्या पाहुण्याला गोन्झो साबणासकट रस्त्यावर काढतो, ते प्रकरण तर त्यांना तोंडपाठ होतं.

आणि या दुसऱ्या भागात तोच गोन्झो सगळ्यांना वाकून नमस्कार करतो! कुणावर खेकसत नाही, कुणाला वंगाळ बोलत नाही. शेवटी तर स्वतःच्या हाताने गार पाण्याचा नळ सोडतो, कोमट पाण्यात एकटा बसतो आणि रडतो. वर चंद्र! 'वाफ विरताना' हे नाव वाचलं तेव्हाच मी आधी बिस्किटांचा डबा उघडला होता.

इथे पहिल्या भागावर सगळ्यांचा जीव, म्हणून स्टेशनाजवळच्या दुकानातल्या प्रती आपल्याच गिऱ्हाइकांनी उचलल्या. तोफूवाले निशिदाते म्हणाले की हे वाचण्यापेक्षा तोफू पिळलेलं पाणी प्यायलो असतो, त्याला निदान चव असते. मच्छिमार बोटीवरचे सावागुची कप्तान तर लालबुंद झाले. म्हणाले की कुमेझोच्या हौदातलं पाणी कोमट कधी नव्हतंच, आपण रोज उकडलेल्या ऑक्टोपससारखे बाहेर यायचो, आणि हे लिहिणाऱ्याला बंदरात बुचकळला पाहिजे. तो लिहिणारा त्यांच्या मांडीवर खेळलाय, याची मी आठवण दिली. त्यावर म्हणाले की तेव्हाच बुचकळायला हवा होता.

प्रत्येक पुस्तकात प्रकाशकाकडे मत कळवायला कार्ड असतंच. न्हाऊन आल्यावर, दूध पीत पीत, सगळ्यांनी ती तिथेच बसून लिहिली. मी एकही शब्द मऊ न करता टपालात टाकली. माझं कार्ड मात्र अजून कोरंच आहे.

राग माझाही आहे, पण वेगळा. घर फार गप्प झालं की मी तुझं पहिलं पुस्तक उघडते आणि हे कुठून तरी माझ्यावर ओरडतात. हे दुसरं मिटलं, तेव्हा घर आणखी गप्प झालं. तू माझा नवरा सज्जन करून टाकलास रे. मी आता भांडू कुणाशी?

जेवणखाण वेळेवर कर. लोभ आहेच, तो कोमट होऊ देऊ नकोस.

तुझी काकू


तोक्यो,
२ फेब्रुवारी १९९६

ती. काकूस,

तात्सुओचा शि. सा. नमस्कार, वि. वि. तुमची कार्डं पोचली. नुसती पोचली नाहीत, संपादकांनी मला बोलावून, समोर बसवून, एकेक वाचून दाखवली. वाफेने सगळ्यांचे कोपरे कुरळे झाले होते आणि सगळ्यांवर हाचिनोहेचा शिक्का. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं की तुमच्या गावात तुमचं कुणाशी वैर आहे का.

बाकीच्या गावांची मतं काही वेगळी नाहीत. सेंदाईच्या एका बाई लिहितात की पहिला भाग वाचताना आगगाडीत हसल्यामुळे लाज वाटली होती, या वेळी झोप लागून स्टेशन चुकलं. तिसऱ्या भागाचा विचार करावा की नाही, हे वसंतात ठरवू, असं संपादक म्हणाले. काकू, मीच ठरवून टाकलंय. एका शिकवणीवर्गात मास्तराची जागा रिकामी आहे. विनोद माझ्या हातून गेला. काका गेल्यापासून गोन्झोच्या तोंडी शिवी घालायला लेखणी उचलली, की समोर त्यांचा काळ्या चौकटीतला फोटो येतो.

पण एक गोष्ट मला बोचते. बाकी काहीही म्हणा, पण कोमट पाण्यावरून सगळं गाव मला खोटं का पाडतंय? कप्तान, निशिदाते, झाडून सगळे एकच वाक्य लिहितात, की पाणी कोमट कधी नव्हतंच. शपथेवर लिहितात!

तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. ते प्रकरण मी रचलेलं नाही. काकांच्या शेवटच्या हिवाळ्यात, नव्या वर्षाला मी आलो होतो, तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी पहाटे आम्ही दोघं हौदात उतरलो. मला तर पाणी आधीच गार वाटलं, पण म्हटलं, शहरात राहून आपलीच कातडी बिघडली असेल. आणि काकांनी, ज्यांनी भिंतीवर स्वतः कुंचल्याने 'गार पाणी हवं असेल त्याने घरी न्हावं' असं लिहिलं होतं, त्यांनी माझ्यादेखत नळ सोडला. छातीला कढत पाणी सोसत नव्हतं. मला म्हणाले की काकूला बोलू नकोस, तिला कळलं तर ती भट्टीच विझवेल.

मी तेच लिहिलं, खरं घडलेलं. आणि तेच सगळ्यात फसलं. याचा मला इतका वैताग आलाय की काही सुचत नाही. चंद्र मात्र मी घातला, तेवढा गुन्हा कबूल.

इथे थंडी कोरडी आहे. तुझ्या गुडघ्यांना जप. लोभ कर, पण कार्डावर नको.

तुझा तात्सुओ


हाचिनोहे,
७ फेब्रुवारी १९९६

तात्सुओ,

तो नळ ह्यांनी सोडला, आणि हे तू मला आज सांगतोस? दोन वर्षांनी? सगळ्या जपानला पुस्तकातून सांगून झाल्यावर?

दुपारपासून दोन्ही दारांमधल्या, पैसे घ्यायच्या उंच बैठकीवर बसून आहे, पुरुषांना बायकांच्या दाराने पाठवलं म्हणून ओरडा खाल्ला. कप्तान मासळीबाजारातून आले की त्यांना धरणार आहे. शिकवणीवर्गाला इतक्यात हो म्हणू नकोस.

घाईत,
काकू


हाचिनोहे,
९ फेब्रुवारी १९९६

चि. तात्सुओ यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि. आता शांतपणे लिहिते, तूही शांतपणे वाच.

तुझी कातडी बिघडली नव्हती. त्या हिवाळ्यात भट्टीवर मी होते ना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना कढत पाणी वर्ज्य. पण हे ऐकतील तर शपथ! म्हणून मी मासळीच्या मोडक्या खोक्यांचं जळण हळूहळू कमी केलं. ह्यांना कळू नये इतपतच. कप्तान वगैरे हाय हाय, भाजलो म्हणून ओरडायचे, तेव्हा मला वाटायचं की समुद्रावरची माणसं, थिजलेली कातडी, त्यांना काय कळतंय. म्हणजे बघ, मी आधीच कोमट केलेल्या पाण्यात हे आणखी गार पाणी सोडत होते! मी इकडे चोरून, हे तिकडे चोरून. आणि हौदात कोण? गाव.

काल कप्तानांना गाठलं. आधी शपथा घातल्या, ऑक्टोपस काढला. मी तुझं पत्रच समोर धरलं, तेव्हा टॉवेल डोक्यावर घेऊन खाली बसले. म्हणाले की वहिनी, त्या पाण्यात थंड समुद्रातली माकूल मासळीही जिवंत राहिली असती. सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कुमेझोच्या हौदाला कोमट म्हणायचं म्हणजे कुमेझो संपला असं त्याच्या तोंडावर म्हणण्यासारखं, म्हणून कपडे काढायच्या खोलीतच ठरलं की जो बाहेर येईल त्याने भाजल्यासारखं करायचं. निशिदाते तर बाहेर यायच्या आधी कोपऱ्यात टॉवेलने अंग घासून घासून लाल करायचे, आणि घरी जाऊन रजईत शिंकत बसायचे. तिकडे बायकांच्या बाजूलाही तेच. मला दिसत होतं की सगळ्या जणी पटापट निघतात. मला वाटलं, मुलांची शाळा असेल.

आणि हे बैठकीवरून सगळ्यांची टिंगल करायचे! काय तोफूच्या कातडीची माणसं तुम्ही, तुमच्या बापांनी याहून कढत सोसलं, असं म्हणायचे. आठवतंय मला, किती खुशीत असायचे.

मग कप्तानांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. म्हणाले की एकदा आपण फारच मोठ्याने भाजलो भाजलो केलं, तेव्हा कुमेझोने जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं की जरा बेताने ओरडत जा. हात्सुएला खरं वाटलं तर ती आणखी जळण काढेल, मग उद्यापासून इथे माकूलच पाळावी लागेल.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. माझं, गावाचं, सगळ्यांचं. आणि मला कुणी काही बोललं नाही, तेही मला बरं वाटावं म्हणून. मी कप्तानांसमोर इतकी हसले की बायकांच्या बाजूने काय झालं म्हणून विचारणा झाली. नंतर थोडी रडलेही, पण क्रम तोच होता, आधी हसले.

तात्सुओ, तू खरं लिहिलंस, पण दार लावून लिहिलंस. एक म्हातारा, एक नळ आणि चंद्र! बाकी सगळं गाव त्याच पाण्यात कुडकुडत होतं, त्यांना तू बाहेर ठेवलंस, म्हणून ते चिडलेत. सज्जन होण्याइतका वेळ तुझ्या काकांकडे नव्हता. शेवटपर्यंत सगळ्यांना फसवण्यात आणि सगळ्यांकडून फसवून घेण्यात सगळा गेला. फोटोचं म्हणशील तर तो मी आजपासून बैठकीच्या मागे, भिंतीवरच्या त्या कुंचल्याच्या अक्षरांखाली लावलाय. आता बघ, तोंड कसं करडं दिसतं.

माझं कोरं कार्ड सोबत पाठवते. मत मी लिहिलंय, ते संपादकांना दे: पाणी कोमट, पण भट्टीवाली अजून आहे.

कप्तानांचा निरोप असा की तिसऱ्या भागात आपण आलोच, तर पोट थोडं कमी दाखवावं.

लोभ वाढत जावा आणि जळण कमी पडू नये.

तुझी काकू


तोक्यो,
१४ फेब्रुवारी १९९६

ती. काकूस,

शि. सा. नमस्कार. मास्तरकी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, कारण मी गेलोच नाही. संपादकांनी तुझं कार्ड दोनदा वाचलं आणि ही बाई कोण म्हणून विचारलं.

एक काम कर. कप्तानांना विचारून कळव की ते नक्की काय ओरडायचे, हाय हाय की आई आई, आणि हौदात पाय घालताना की बाहेर येताना? निशिदाते कोणत्या कोपऱ्यात उभे राहायचे? बायका निघताना एकमेकींना काय म्हणायच्या? लवकर कळव, गोन्झो बैठकीवर येऊन बसलाय आणि मघापासून मला शिव्या घालतोय.

रविवारी येतोय. पाणी कढत ठेव, नळाला हात लावणार नाही. पोटाचं मात्र कप्तानांना सांग, जमणार नाही.

तुझा तात्सुओ