बिनखाचांची नळी

सोमवार, १६

जमलं!

केसाहून जेमतेम जाड नळी, तळाला तिरप्या खाचा, त्यांच्या कडा प्रवाहात वर आलेल्या – दोन वायू ढवळून मिसळायला. दोन वर्षं मी या खाचाच आखतेय. आज एका तोंडातून नुसता नायट्रोजन सोडला, दुसऱ्यातून ॲसिटोनची वाफ घातलेला. लेसर पडला की वाफ निळी उजळते. सुरुवातीला अर्धी नळी निळी, अर्धी काळी. तिसऱ्या खाचेपुढे – सगळी एकसारखी निळी.

शेजारच्या टेबलावरचा शंकासूर डोकावला. "कॅमेरा अडकलाय का बघ."

 घरी निघताना जिना पायऱ्या गाळत उतरले.

मंगळवार, १७

आकडे आले. पूर्ण मिसळलं तर एक, माझं ०.९७. पुन्हा मोजलं, तेच.

सर म्हणाले, "शुक्रवारी पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं येतायत, तूच दाखव. त्यांना पटलं तर तुझी जागा कायम." नाहीतर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा.

आईला फोन केला. "मिसळले एकदाचे तुझे वायू? आता तूही चार माणसांत मिसळ, बाई."

बुधवार, १८

शंकासूर – "बिनखाचांची नळी मोजलीस?"

नाही मोजली. इतक्या बारीक नळीत दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत राहतात, ढवळल्याशिवाय मिसळत नाहीत. शेंबडं पोरही सांगेल – तसं त्याला म्हटलं.

"मग त्या पोराचं मोजमाप दाखव."

रागारागानं साधी नळी कापायला टाकली.

गुरुवार, १९

साधी नळी – ०.९६.

डबा तसाच परत आणला. मी शिकले ते सगळं पाण्यावर. पाण्यात रंग, पाण्यात मीठ. तिथे खाचा लागतातच. वायूचे कण हजारो पट चपळ. एवढीशी नळी ते आपले आपणच ओलांडतात. माझ्या खाचा नुसत्या वाटेत उभ्या.

हे अजून कुणालाच माहीत नाही. शंकासुराला म्हटलं, "उद्या सांगते." सरांना तेवढंही नाही.

निघता निघता दाब मोजला, उगाच. तेवढाच वायू ढकलायला साध्या नळीला खाचांच्या नळीच्या मानानं पाव दाब पुरतो. जोडण्या तपासून परत मोजला. पावच! चप्पल काढून पुन्हा खुर्चीत बसले.

शुक्रवार, २०

दोन्ही नळ्यांची चित्रं शेजारी शेजारी लावली. कंपनीच्या बाईंनी विचारलं, "यातली तुमची कोणती?" सरांचं बोट खाचांकडे निघालं होतं.

मी म्हणाले, "साधी."