बावीस हजार चाललेली गाडी

८ जानेवारी २०१२, रविवार

मेव्हण्याचा, पुंडलिकचा, रोह्याहून फोन. त्याच्या शेजारी एक मारुती विकायची आहे — चौदा वर्षांची, पण चाललीय फक्त बावीस हजार किलोमीटर! मालक नझीर आखातात, दोह्याला नोकरीला. घरी त्याची आई, ताजुन्निसा चाची, एकटीच. बायको, चंद्रावती, लगेच म्हणाली, "घेऊन टाका." गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला एसटीची पायरी चढवत नाही. पावसाळ्यापासून ही बाई घराबाहेर पडलेली नाही, पेणचा बाजारसुद्धा पाहिला नाही. गाडी हवीच. पण बावीस हजारावर माझा विश्वास नाही. नागोठण्याला कंपनीत जन्मभर इंजिनं उघडली. आकडे खोटं बोलतात.

११ जानेवारी

निरोप धाडला होता — मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. सकाळी पोचलो, बॉनेटवर हात ठेवला — गरम! म्हटलं, झाली लबाडी. धूर लपवायची जुनी युक्ती. चाची डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "रोज सकाळी चालू करते, भाऊ. नझीरनं सांगितलंय. आजचा दिस कसा चुकवू?"

"आणि चालवतं कोण?"

"चालवाया कोन हाय? जरा घुरघुरते, मंग बंद करते."

काही न बघता परत आलो. खेप फुकट.

१२ जानेवारी

चंद्रावती म्हणते, इंजिन कसलंही असो, मला भावाकडं न्या. हिला इंजिनातलं काय कळतं!

१५ जानेवारी, रविवार

पुन्हा रोहा. आज पुंडलिकला आधीच गाडीपाशी उभं केलं होतं, म्हणून थंड मिळाली. तेलाचं झाकण उघडलं — आतून सायीसारखा पांढरा चिकटा. तेलाला पेट्रोलचा वास. चालू केली तर मागून निळा धूर. दाब मोजायचं गेज लावलं, एका सिलिंडरात दमच नाही. आकडा मात्र खरा निघाला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

कारण उघड आहे. रोज चहाचं आधण ठेवायचं आणि उकळायच्या आत गॅस बंद करायचा — तसं झालंय. इंजिन नीट तापतच नाही, आत पाणी धरतं, तेल पातळ होतं, मग झीज. चालवून नव्हे, नुसतं चालू करून मारलेलं इंजिन.

चाचींना स्वच्छ सांगितलं. गुळमुळीत बोलणं मला जमत नाही.

"म्हंजे माज्या हातानं गेली?"

"व्हय. आता हात लावू नका. उरलंय तेवढं तरी राहील."

त्या माडीवर निघून गेल्या. चहाचंही विचारलं नाही. राग आला असेल. खऱ्याचा येतोच.

१९ जानेवारी

तरी घ्यायचं ठरलं. गाडीचा सांगाडा चांगला आहे, गंज नाही. इंजिनाचं काम पेणला करून घेतलं की अजून चार-पाच वर्षं कुठं गेली नाहीत. नझीर मार्चमध्ये सुट्टीवर येईल, तेव्हा सह्या होतील. तोवर गाडी तिथंच. चंद्रावतीनं साडी आत्ताच कपाटातून काढून ठेवलीय!

२७ जानेवारी

पुंडलिकला फोन केला. गाडी कोणी चालू करत नाही, वर धूळ बसलीय म्हणाला. बसू दे. धुळीनं इंजिन मरत नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोह्याहून नझीरचा फोन. "काका, इंजिन जानार ते मला म्हाईत व्हतं. अब्बा गेल्यापासून अम्मी माडीवरनं उतरतच नव्हती. म्हून तिला गाडीचं काम लावून दिलं. त्या निमतानं खाली यायची, दारात दोन मान्सांशी बोलायची. आता परत वर जाऊन बसलीय. जेवत पन नाय नीट. तुमी तिला काय सांगितलंत?"

फोन ठेवून एसटीचं वेळापत्रक काढलं.

उद्या पहिल्या एसटीनं रोह्याला जातो. चाचींना सांगायचं — माझी परीक्षा चुकली, गाडी रोज चालू केलीच पाहिजे.