नानांनी वाचवलेला किल्ला

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून मनातल्या मनात). तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इथे सगळे मजेत. फक्त माझी अब्रू तेवढी गेली, ती कशी ते सविस्तर सांगतो.

आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाने देशाच्या इतिहासावर वाचनस्पर्धा काढली. महिनाभर पुस्तकं वाचायची आणि मग रविवारी सगळ्यांसमोर एक प्रसंग तोंडी सांगायचा. मी तडक नाव दिलं. (तुम्हाला पेपर उघडला की डुलकी लागते, असं आमची ही म्हणाली. तिचं काय ऐकायचं!) शिवाय मी निवडला किल्ल्याच्या वेढ्याचा प्रसंग, म्हणजे पुस्तक उघडायचीही गरज नाही. नानांनी तो आपल्याला किती वेळा वाचून दाखवला होता! आई नुकतीच गेली होती, घर नुसतं खायला उठायचं. नाना कामावरून आले की हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर ते जाडजूड पुस्तक. तू खुर्चीच्या हातावर, मी त्यांच्या पायाशी. काय दिवस होते गं!

तर रविवारी मी हातवारे करकरून सांगितलं. पाणी संपत आलंय, म्हातारा किल्लेदार बुरुजावर उभा, इतक्यात लांबवर धूळ उठते, मदत येते, शत्रू पळतो आणि किल्लेदार लेकीला पोटाशी धरतो. टाळ्या पडल्या. मग ग्रंथपाल बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ''काका, किल्ला पडला होता. किल्लेदार दारातच मारला गेला.'' मी म्हटलं, छे, शक्यच नाही, आमच्या वडिलांनी स्वतः वाचून दाखवलंय! बाईंनी कपाटातून पुस्तकं काढली. मेलं एकही पुस्तक माझ्या बाजूचं निघालं नाही. मी म्हटलं, सगळी चुकीची छापली असतील. त्यावर इतिहासाचे निवृत्त मास्तर डोक्याला हात लावून बसले आणि बाकीचे पोट धरून हसले.

घरी येऊन चहा पिताना माझी ट्यूब पेटली. नानांनीच किल्ला वाचवला होता, आपल्या दोघांसाठी! आणि तू? तुला तर तेव्हा चांगलं वाचता येत होतं, पान तुझ्या नाकासमोर होतं, तरी चकार शब्द काढला नाहीस. लबाड कुठली! मला रडू आलं, मग हसू आलं, मग परत रडू आलं.

येत्या रविवारी मला आणखी एक संधी आहे. खरा प्रसंग सांगायचा, नाहीतर स्पर्धेतून बाद. पण किल्ला पडला हे शब्द तोंडातून निघतच नाहीत, नानांना चारचौघांत खोटं पाडल्यासारखं वाटतं. तू ये आणि पुढच्या रांगेत बस.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं भावोजींना सांगू नकोस. खोकला विसरून हसत सुटतील.

आणखी एक ता. क. स्पर्धा गेली खड्ड्यात. आई गेली तेव्हा मला मामाकडे ठेवलं होतं. तिला काही त्रास झाला नाही, शेवटपर्यंत माझं नाव घेत होती, असं नानांनी मला सांगितलं होतं. तेव्हा तू तिथे होतीस. ते खरं असेल तर तसं सांग. नसेल, तर नानांनी सांगितलं होतं तस्संच पुन्हा एकदा सांग. पण ये.